मॉडेल-वाहनांवर तेल आणि ग्रीसचे डाग: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मूळ रंग, डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे आणि आकडे), गंज आणि धूळ या टप्प्यांतून नीट पार पडलेले मॉडेल पुष्कळदा अगदी शेवटी, तेलाचे डाग टाकताना फसते. चकचकीत काळा रंग घेऊन इंजिनाच्या झाकणावर दोन ठिपके दिले आणि इंधनाच्या टाकीखाली एक ओघळ ओढला की झाले, असे सुरुवातीला वाटते. प्रत्यक्षात तो डाग तेलाचा न दिसता रंग सांडल्यासारखा दिसतो, आणि नेमके काय बिघडले हे लवकर उमगत नाही. बिघडलेले असते ते एवढेच की त्या डागाला ठावठिकाणा नसतो. खऱ्या वाहनावरचे तेल कुठून तरी गळलेले असते, कशाच्या तरी जोराने कुठे तरी गेलेले असते आणि त्या डागाला काही एक वय असते. ही तीन उत्तरे ज्या डागातून मिळतात तो साध्या तैलरंगातही खरा वाटतो. पुढील सर्व पायऱ्या या तीन प्रश्नांभोवतीच बांधलेल्या आहेत, आणि त्या रणगाडे, मालट्रक, खोदाईची यंत्रे, जुन्या मोटारी अशा कोणत्याही मॉडेलला लागू पडतात.

लागणारे साहित्य

- तैलरंगाच्या ट्यूब: बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि काळा. सुरुवातीला एवढे चार पुरेसे आहेत.
- टामिया कंपनीचा एक्स-१९ स्मोक. हा काळसर तपकिरी, पारदर्शक आणि चकचकीत अ‍ॅक्रिलिक रंग ताज्या तेलासाठी फार उपयोगी पडतो. सोबत त्याचे थिनर एक्स-२०ए.
- चकचकीत एनॅमल वार्निशची एक लहान बाटली.
- कमी वासाचे व्हाइट स्पिरिट, म्हणजे तैलरंग आणि एनॅमल पातळ करायचे द्रावण.
- गडद तपकिरी, काळी आणि मातकट अशी पिगमेंट पावडर.
- बारीक टोकाचा गोल ब्रश, एक मऊ चपटा ब्रश आणि केस आखूड कापलेला एक जुना राठ ब्रश.
- जाड पुठ्ठ्याचे तुकडे, दातकोरणी, कापसाच्या काड्या आणि स्पंजचा तुकडा.
- चाचणीसाठी प्लॅस्टिकचे टाकाऊ चमचे, तुमच्या मॉडेलच्याच रंगाने रंगवलेले.
- हातमोजे, आणि पिगमेंट हाताळताना मास्क.

तेलाच्या आणि इंधनाच्या डागांसाठी तयार मिश्रणेही मिळतात. एके इंटरअ‍ॅक्टिव्ह, अमो आणि वायेहो या कंपन्यांची अशी उत्पादने प्रसिद्ध आहेत आणि ती चांगली असतात. मात्र बाटली एनॅमलची आहे की अ‍ॅक्रिलिकची, हे वेष्टनावर वाचल्याशिवाय ती उघडू नये. एनॅमलचा डाग व्हाइट स्पिरिटने बराच वेळ पसरवता किंवा पुसता येतो. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळते आणि मग स्पिरिटला जुमानत नाही. दोन्हींची कामाची रीत वेगळी आहे, आणि नवख्याने एनॅमल किंवा तैलरंगापासून सुरुवात करणे अधिक सोयीचे ठरते.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. तैलरंगात जवसाचे तेल असते, आणि ते वाळताना उष्णता बाहेर पडते. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकल्यास तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्या पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच फेकाव्यात. व्हाइट स्पिरिटचे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे.

१. खरे यंत्र कुठे गळते ते आधी शोधा

ब्रश हातात घेण्यापूर्वी तुमच्या वाहनाची छायाचित्रे पाहावीत. ती संग्रहालयातल्या धुतलेल्या, रंगवलेल्या नमुन्याची नसून वापरात असलेल्या वाहनाची असावीत. तेल सहसा जोडांतून गळते: इंजिनाच्या वरच्या झाकणाचे गॅस्केट, खालच्या तेलाच्या टाकीचा जोड, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलची सील, चाकाच्या हबचे सील, हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा जिथून बाहेर येतो ते तोंड. ग्रीस मात्र माणसाने मुद्दाम भरलेले असते. ते लीफ स्प्रिंगच्या खिळी, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, बिजागऱ्या आणि फिरत्या बैठकीची कडी अशा ठिकाणी दाबाखाली बाहेर येऊन साचते. इंधनाचे डाग टाकीच्या तोंडाभोवती आणि त्याखाली असतात. या तीन गोष्टी वेगळ्या असून त्यांचा रंग, चमक आणि आकारही वेगळा असतो. एकाच बाटलीतून तिन्ही काढण्याचा मोह टाळावा.

इंजिन कोणत्या इंधनावर चालते हेही पाहून घ्यावे. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यात व्ही-२ हे डिझेल इंजिन होते, तर जर्मन पँथरमध्ये मायबाखचे पेट्रोल इंजिन. अमेरिकन शर्मनच्या बाबतीत तर प्रकारानुसार फरक पडतो: एम४ए२ डिझेलवर चालत असे आणि एम४ए३ पेट्रोलवर. डिझेल सांडले की त्याचा ओशट, गडद ओघळ बराच काळ टिकतो आणि त्यावर धूळ चिकटते. पेट्रोल उडून जाते. जाताना ते धूळ धुऊन नेते आणि कडेला फिकट पिवळसर रेघ ठेवते. पँथरच्या मागच्या बाजूला डिझेलसारखे काळे, चकचकीत ओघळ रंगवले तर जाणकार पाहणाऱ्याला ते लगेच खटकतात.

कागदावर वाहनाचे साधे रेखाटन करून त्यावर गळतीच्या जागा खुणावून ठेवाव्यात. मोजक्या जागा निवडाव्यात आणि त्यांतली एकच मुख्य ठेवावी. चारही चाके सारखीच गळणारे वाहन सहसा नसते.

२. प्रमाण मोजून घ्या

हे गणित दोन मिनिटांचे आहे, पण बहुतेक खोटे डाग इथेच जन्माला येतात. प्रत्यक्षात १० सेंटिमीटर रुंद असलेला डाग १:२४ प्रमाणात सुमारे ४ मिलिमीटर, १:३५ मध्ये सुमारे ३ मिलिमीटर आणि १:७२ मध्ये जेमतेम दीड मिलिमीटर होतो. उलट हिशेब अधिक बोलका आहे. ब्रशवरून सहज पडणारा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका १:३५ मध्ये सुमारे पावणेदोन सेंटिमीटरचा थेंब होतो, आणि १:७२ मध्ये साडेतीन सेंटिमीटरहून मोठा. एवढा थेंब क्वचित कुठे असू शकतो, पण सबंध झाकणभर नाही. १:७२ मध्ये सुटे शिंतोडे जवळपास टाळावेत आणि डागाचा भर पसरट, फिकट छटेवर ठेवावा.

३. पृष्ठभाग तयार करा

मूळ रंग अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकर असेल तर तो पूर्ण वाळल्यावर व्हाइट स्पिरिटला टिकतो. मूळ रंगच एनॅमल असेल तर त्यावर अ‍ॅक्रिलिक वार्निशचा थर देऊन तो किमान एक दिवस वाळू द्यावा. नाहीतर डाग पसरवताना खालचा रंगही उठून येईल.

वार्निशची जात निर्णायक असते. पूर्ण मॅट पृष्ठभाग खरखरीत असल्याने पातळ रंग शोषल्यासारखा ओढून घेतो, डाग वेडावाकडा पसरतो आणि कडेला पाणी वाळल्यासारखी रेघ उमटते. पूर्ण चकचकीत पृष्ठभागावर उलट रंग गोळा होऊन थेंबाच्या आकारात बसतो. सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा थर, हा मधला मार्ग आहे, आणि सुरुवातीला तोच घ्यावा.

क्रम असा ठेवावा: मूळ रंग, डिकॅल, सॅटिन वार्निश, खाचांतला वॉश (खाचांत सोडायचा पातळ, गडद रंग), ओरखडे आणि गंज, धूळ, आणि सर्वांत शेवटी तेल. याचे कारण सरळ आहे. तेल डोळ्यांना कळते ते रंगापेक्षा चमकेमुळे. आजूबाजूचा कोरडा, धुळकट मॅटपणा आणि मधला ओलसर तजेला यांतल्या फरकातून डाग जिवंत होतो. तेलानंतर मॅट वार्निशचा हात फिरवला की तो फरक संपला, आणि उरतो तो नुसता तपकिरी ठिपका.

४. रंग मिसळा, आणि काळ्याला आवर घाला

पुठ्ठ्यावर तैलरंगाचे थोडे थोडे गोळे काढून काही तास तसेच ठेवावेत. पुठ्ठा त्यांतले जास्तीचे तेल शोषतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि मॅट होतो. जुन्या डागांसाठी असाच रंग हवा. ताज्या डागांची चमक ट्यूबमधल्या तेलावर सोडू नये. ती पुढे वार्निशने हवी तेवढी आणता येते.

नवे इंजिन तेल मधासारखे असते. डिझेल इंजिनात काजळी मिसळून ते लवकरच काळे होते, पेट्रोल इंजिनात तपकिरी होत जाते. गिअर तेल पिवळसर तपकिरी, आणि स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल सहसा लाल रंगवलेले असते. पण यांतले कोणतेही तेल पातळ थरात शुद्ध काळे दिसत नाही. वापरलेल्या काळ्या तेलाचाही थर पातळ झाला की कडेला तपकिरी झाक येते. मिश्रणात बर्न्ट अंबर मुख्य ठेवावा, काळा त्याच्या चौथाईहून जास्त नसावा, आणि ताज्या तेलासाठी कणभर बर्न्ट सिएना घालावा. मॉडेलचा मूळ रंग गडद हिरवा किंवा करडा असेल तर हे मिश्रण चमच्यावर आधी पाहावे, कारण वाळूच्या रंगावर भडक दिसणारा डाग गडद रंगावर जवळपास दिसेनासा होतो. तिथे रंग वाढवण्यापेक्षा चमक वाढवणे बरे.

५. जुन्या डागाचा पाया घाला

गळती एका दिवसात होत नाही. आधीचे तेल धुळीत मुरते, त्यावर पुन्हा गळते, पुन्हा धूळ बसते. हाच क्रम मॉडेलवर तीन थरांत करायचा आहे, आणि माझ्या मते सगळ्या कामात याच पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

पहिला थर फार पातळ असावा: एक भाग रंगाला नऊ-दहा भाग व्हाइट स्पिरिट. जिथे डाग हवा तो भाग आधी स्वच्छ स्पिरिटने किंचित ओला करावा, मग ब्रशचे टोक गळतीच्या उगमाला टेकवून रंग आपण होऊन पसरू द्यावा. कड उमटायला लागली की स्वच्छ, जवळजवळ कोरड्या ब्रशने ती बाहेरच्या बाजूला थोपटून विरवावी. हा डाग सर्वांत मोठा आणि सर्वांत फिकट असतो. तो इतका फिकट वाटेल की काही केलेच नाही असा संशय येईल. तरी हात आवरून तो वाळू द्यावा.

दुसरा थर पहिल्याच्या साधारण निम्म्या जागेत, थोडा दाट आणि गडद द्यावा. त्याची कड काही ठिकाणी पहिल्या डागाच्या बाहेर जाऊ द्यावी, काही ठिकाणी आतच ठेवावी. एकात एक बसणारी नीटस वर्तुळे झाली की डाग निशाण्याच्या पाटीसारखा दिसू लागतो.

थरांमध्ये निदान काही तास जाऊ द्यावेत, आणि रात्रभर थांबता आले तर फारच उत्तम. घाई केल्यास नवा स्पिरिट खालचा थर विरघळवून मधोमध टक्कल पाडतो. हा या कामातला सर्वांत नेहमीचा सापळा आहे.

६. ताजे तेल

तिसरा थर सर्वांत लहान. उगमाच्या अगदी जवळ, बोल्टच्या मुळाशी, जोडाच्या रेषेत, झाकणाच्या खोलगट कोपऱ्यात तो द्यावा. इथे दोन पर्याय आहेत. तैलरंगात चकचकीत एनॅमल वार्निशचा थेंब मिसळून द्यावा. तो सावकाश वाळतो, पण दुरुस्त करता येतो. किंवा एक्स-१९ स्मोक थेट ब्रशने लावावा. तो लवकर वाळतो आणि काचेसारखा तजेला देतो. स्मोक एकदाच जाड लावला तर काळा पट्टा होतो, म्हणून दोन-तीन पातळ हात द्यावेत. तो खालच्या तैलरंगावर लावायचा असेल तर तैलरंग वरवर नव्हे, नीट वाळलेला असावा.

डागाचा सगळा भाग सारखा चमकू देऊ नये. दिव्याखाली मॉडेल तिरके धरून पाहावे: बाहेरची कड मॅट, मधला पट्टा मंद चमकेचा आणि उगमाजवळचा इवलासा भाग ओला, असा उतार दिसला की थर जमले.

७. तेलाला दिशा द्या

उभ्या पृष्ठभागावर तेल गुरुत्वाने खाली जाते, पण सरळ जातेच असे नाही. रिव्हेटपाशी वळते, आडव्या कडेवर थांबून साचते आणि कडेच्या टोकाहून पुन्हा खाली उतरते. ओघळ काढताना बारीक ब्रशने उगमापासून एक रेघ ओढावी, मग स्पिरिटने किंचित ओलसर केलेला चपटा ब्रश बाजूंनी वरून खाली फिरवून ती अरुंद करावी. वरचे टोक गडद आणि खालचे विरत गेलेले असावे. अधूनमधून एखादा ओघळ अर्ध्यावरच संपवावा.

चाकाच्या हबवर गुरुत्व मागे पडते. सील गळत असले की फिरत्या चाकातले तेल केंद्रापासून बाहेर फेकले जाते आणि रिमवर किरणांसारखे पट्टे उमटतात. त्यांवर धूळ बसून दाट, काळपट थर होतो. हे पट्टे हबपासून बाहेरच्या दिशेने, असमान लांबीचे काढावेत. दोन-तीन लांब आणि बाकीचे तोकडे ठेवावेत. इथेच पुष्कळजण चाकावरही खाली जाणारे ओघळ रंगवतात. ते पूर्ण चूक नाही, कारण उभ्या वाहनाच्या चाकातून तेल खालीही गळते. पण चालत्या वाहनाच्या मॉडेलला किरणांचे पट्टेच शोभतात.

वाहनाच्या पोटाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सखाली, वाऱ्याच्या झोताने तेल मागच्या बाजूला सरकते. मॉडेल उलटे करून कुणी पाहत नसेल तर हा भाग सोडून द्यायला हरकत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. पॉलिस्टायरिनचा भाग ताणाखाली असेल, म्हणजे घट्ट बसवलेला आस, वाकवून चिकटवलेली पट्टी किंवा ताणलेल्या साखळीची चाके, तर सांध्यात साचलेल्या एनॅमल थिनरने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकू शकते. अशा ठिकाणी ब्रश आधी कापडावर टिपून घ्यावा आणि सांधा स्पिरिटने भरून जाऊ देऊ नये.

८. ग्रीस

ग्रीस वाहत नाही, साचते. म्हणून त्याला जाडी हवी. पुठ्ठ्यावर सुकवलेल्या बर्न्ट अंबर आणि काळ्या तैलरंगात गडद पिगमेंट मिसळून दाट लगदा करावा, त्यात चमकेसाठी वार्निशचा अगदी थोडा अंश घालावा आणि तो कापलेल्या राठ ब्रशने किंवा दातकोरणीने टोचून बसवावा, फासू नये. नवे ग्रीस फिकट पिवळसर तपकिरी असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले ग्रीस मुळातच काळपट करडे असते. आणि जुने ग्रीस धूळ खाऊन किटणासारखे होते, त्याची चमक जवळपास गेलेली असते. बिजागरीभोवती जुन्या ग्रीसचा गडद, मंद थर देऊन मध्ये कुठेतरी नव्याचा बारीक, फिकट कण ठेवला तर देखभाल चालू असलेले यंत्र दिसते.

सरावाला सर्वांत चांगली जागा म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या मालट्रकच्या मागच्या भागावरची, ट्रेलर अडकवायची घोड्याच्या नालेसारखी जोडबैठक. ती सबंध ग्रीसने माखलेली असते, आणि ट्रेलरच्या घर्षणाने वरचे ग्रीस कडेला रेटले जाऊन तिथे जाड वळ्या होतात. मधल्या घासलेल्या भागावर वाळल्यानंतर मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली की ग्रीसखालचे गुळगुळीत पोलाद दिसते.

हायड्रॉलिक सिलिंडरचा चकचकीत दांडा मात्र स्वच्छ ठेवावा. तिथे तेलाची फक्त पातळ, पारदर्शक झाक असते. किटण साचते ते दांडा आत शिरतो त्या तोंडाशी, कडीसारखे.

९. इंधन

डिझेलसाठी बर्न्ट अंबर आणि रॉ अंबरचे पातळ मिश्रण घेऊन टाकीच्या तोंडापासून खाली दोन-तीन ओघळ काढावेत. वाळल्यावर त्यांतल्या एकावर वार्निशमिश्रित रंग द्यावा आणि जुन्या ओघळांच्या कडेला मातकट पिगमेंट टेकवावे.

पेट्रोलचा डाग म्हणजे रंग लावणे कमी आणि धूळ काढणे जास्त. धूळ आधीच बसवलेली असेल तर स्वच्छ स्पिरिटचा थेंब तोंडाखाली सोडावा. तो धूळ ढकलत कडेला नेतो आणि तिथे बारीक रेघ उमटते. एरवी ज्या रेघेशी आपण झगडतो, ती इथे हवीच असते.

१०. शिंतोडे

राठ ब्रशला रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि दातकोरणीने केस मागे ओढून सोडावेत. आधी कागदावर पाहावे. आसपासचा भाग कागदाने झाकावा. नको तिथे पडलेला ठिपका लगेच स्पिरिटच्या ब्रशने उचलावा. याहून अधिक सांगण्यासारखे यात काही नाही. फक्त मोह फार होतो.

११. जमीन

वाहन डायोरामात, म्हणजे जमिनीसह मांडलेल्या छोट्या देखाव्यात, उभे असेल तर गळतीच्या बरोबर खाली जमिनीवरही डाग हवा, नाहीतर वरचा डाग निराधार राहतो. माती आणि वाळूत तेल मुरते, म्हणून तिथला डाग गडद पण मॅट ठेवावा. काँक्रीटवर जुना डाग फिकट, काळपट आणि मोठा असतो, त्यावर ताज्या थेंबांचे लहान चकचकीत ठिपके येतात. पत्र्यावर तेल चमकते. वाहन रोज एकाच जागी उभे राहत असेल तर डाग दोन चाकांच्या मधोमध, इंजिन आणि गिअरबॉक्सखाली, लांबट पसरलेला दाखवावा.

दुरुस्ती

डाग मोठा झाला आणि तैलरंग अजून ओला असेल तर स्पिरिटने ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने तो बाहेरून आत टिपावा. आतून बाहेर पुसल्यास तो पसरतो. वाळला असेल तर पुसण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या कडेवर धुळीचे पिगमेंट कोरडेच थोपटावे, म्हणजे तो आपोआप जुना होतो. चमक जास्त वाटत असेल तर तेवढ्याच भागावर मॅट वार्निश बारीक ब्रशने लावावे. एक्स-१९चा वाळलेला ठिपका एक्स-२०एने काढता येतो, पण तेच थिनर खालचा अ‍ॅक्रिलिक रंगही उचलते, म्हणून तिथे झाकणेच शहाणपणाचे.

एनॅमलचे डाग दुसऱ्या दिवशी, तर तैलरंगाचे पातळ थर दोन-तीन दिवसांनी हात लावण्याजोगे वाळतात. ग्रीसचा जाड लगदा आठवडाभरही मऊ राहू शकतो. तोवर मॉडेल झाकणाखाली ठेवावे, कारण चिकट पृष्ठभागावर बसलेला कपड्याचा धागा कोणत्याही प्रमाणात दोरखंडासारखा दिसतो.